रुग्णवाहिका विकणे आहे, पण कागद कोणाच्या नावावर?

मागच्या महिन्यात चांदूर बाजार तालुक्यातला एक संत्रा बागायतदार आमच्या पंचायत समितीत आला. फवारणी पंपाच्या अनुदानाचे किंवा हरभऱ्याच्या बियाण्याचे काही विचारायला आला असेल, असे मला वाटले. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "साहेब, गाडी विकाची हाय. तुमी कागद पाहून द्या, अन् पेपरात टाकाले चार ओळी लिहून द्या." कोणती गाडी म्हणून विचारले, तर म्हणे, "ॲम्बुलन्स."

वाचकहो, आमचे काम बोंडअळीचे, माती परीक्षणाचे, फार तर पीकविम्याच्या अर्जाचे. पण खेड्यात एकदा साहेब म्हटले की लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून कोर्टाच्या समन्सपर्यंत सगळे त्याच्याच पुढ्यात येते. नाही म्हणता येत नाही. आणि खरे सांगायचे तर या बाबतीत मला नाही म्हणायचेही नव्हते. गाडी विकण्याच्या एका व्यवहाराने आमच्या घरची दोन एकर जमीन गेलेली आहे. ते पुढे सांगतो.

आधी या गाडीची हकीकत ऐका. कोरोनाच्या दोन वर्षांत रुग्णवाहिकेला केवढी मागणी होती हे आपण सर्वांनी पाहिले. संस्था, ट्रस्ट, खासगी माणसे, ज्याला जमले त्याने गाडी घेतली नाही तर जुनी दुरुस्त करून रस्त्यावर आणली. लाट ओसरली आणि त्यातल्या कितीतरी गाड्या दवाखान्यांच्या आवारात उभ्या राहिल्या. अशाच एका खासगी ट्रस्टची २०१३ सालची फोर्स ट्रॅव्हलर या तरुणाने २०२१ च्या अखेरीस २ लाख १० हजाराला घेतली. उद्देश संत्रा वाहण्याचा नव्हता. त्याने मोबाइलवर परदेशातली माणसे गाडीतच घर करून देशोदेशी फिरताना पाहिली होती. गावच्या सुताराकडून त्याने आत प्लायचा दिवाण बसवून घेतला, दिवाणाखाली सामानाचे कप्पे, एका बाजूला छोटा ओटा, ५० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलरच्या दोन प्लेटा, इन्व्हर्टरची बॅटरी, बारा व्होल्टचा पंखा. नळाला पाणी चढवायला त्याने फवारणीच्या बॅटरी पंपाची मोटर लावली. हे पाहून मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. आपला शेतकरी कोणत्या वस्तूचे काय करील याचा नेम नाही. या सगळ्यावर त्याचे दीड लाखाच्या वर गेले.

तीन वर्षे तो बायकोमुलांसह फिरला. चिखलदरा, शेगाव, पंढरपूर, कोकण, एकदा थेट लडाख. नंतर नेपाळला निघाला आणि सीमेवरून परत आला. तिथे भन्सार भरायच्या खिडकीशी कागद मागितले. कागदावर गाडी रुग्णवाहिका, मालक भलताच एक ट्रस्ट, आणि आत पेशंटच्या जागी तुरीची डाळ, कांदे आणि दोन पोरे. त्या माणसाने काय समजायचे? हजार-बाराशे किलोमीटर गेलेली गाडी तशीच वळवून आणावी लागली.

आता त्याला गाडी विकायची आहे. कारण नेहमीचेच. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क वर्षावर्षाला वाढवत नेले, तेव्हापासून वरुड, मोर्शी, चांदूर बाजार पट्ट्यातल्या बागायतदाराच्या हिशेबाला गळती लागली आहे. त्यात बागेची फळगळ. थोरल्या मुलीला अमरावतीला शिकायला ठेवायचे आहे. घरात जी वस्तू नसली तरी चालते ती आधी विकायची, हा आपला रिवाज आहेच.

गावात मात्र या गाडीची थट्टाच जास्त झाली. "पोट्टा मुर्द्याच्या गाडीत झोपते" असे म्हाताऱ्या बाया म्हणायच्या. मला ही थट्टा पटत नाही. घर बरोबर घेऊन फिरणे आपल्याला नवीन आहे का? सातपुड्याच्या पायथ्याला बहिरमची जत्रा भरते, ती डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर चालते. आमचे आजोबा तिथे दमणी जुंपून जायचे. दमणीत गादी, गादीखाली कडबा, मागे हंडी, पीठ, गोवऱ्या. राहुटी ठोकायची, रोडगे भाजायचे, दोन-दोन दिवस मुक्काम करायचा आणि येताना दमणीतच झोपून यायचे, बैलाला वाट माहीत. पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्यांमागे चालणारे ट्रक पाहा. त्यात स्वयंपाकघर असते, पाण्याची टाकी असते, वर ताडपत्रीखाली माणसे झोपतात. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली तरुण मंडळी जुन्या गाड्या, त्यात जुन्या रुग्णवाहिकाही, घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे यायची. १९७९ सालच्या उलथापालथीनंतर तो रस्ता बंद पडला. तेव्हा या तरुणाने काही जगावेगळे केले असे मी मानत नाही. मी स्वतः एक रात्र त्या गाडीत झोपलो आहे आणि मला चांगली झोप लागली. मे महिन्यात मात्र मी झोपणार नाही. अकोल्याच्या ४५ अंशात पत्र्याच्या डब्यात कितीही पंखे लावा, माणूस भाजूनच निघतो.

असो. गाडी पाहायला मी त्याच्या वाडीवर गेलो. तो ४ लाख ५० हजार मागत होता. "घेतली दोन-दहाले, खर्च केला दीडच्या वर, अन् थोडी मेहनत माही," असा त्याचा हिशेब. इथेच पहिली चूक आहे. आपण विहिरीला किती खर्च केला यावर पाणी लागत नाही. वस्तू विकताना गिऱ्हाईक तिची आजची किंमत पाहतो. आपण बसवलेला दिवाण गिऱ्हाइकाला अडगळही वाटू शकतो.

दुसरे, किलोमीटरचा आकडा. तो सारखा म्हणायचा की गाडी कमी चाललेली आहे. रुग्णवाहिकेच्या बाबतीत हा आकडा फसवा असतो. दवाखान्यासमोर पेशंट येईस्तोवर, ऑक्सिजन आणि एसी चालू ठेवण्यासाठी, इंजिन तासन् तास जागच्या जागी चालू राहते. ट्रॅक्टर घेताना आपण किलोमीटर विचारतो का? तास विचारतो. कारण एका जागी उभे राहून थ्रेशर चालवणारा ट्रॅक्टर चालत नसला तरी झिजतो. रुग्णवाहिकेचे इंजिन तसेच पाहिले पाहिजे. आणि निघाली की ती थंड्या इंजिनावर सुसाट निघालेली असते, तेही लक्षात घ्या.

तिसरी गोष्ट फरशी. दवाखान्याची गाडी रोज धुतात. कोरोनात तर दर फेरीला सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी मारत होते. हे औषध जंतू मारते तसे लोखंडही खाते. वरची रबराची शीट चकचकीत दिसते आणि खाली पत्रा पापडासारखा झालेला असतो. मी त्याला एका कोपऱ्यातली शीट उचलायला लावली आणि पेचकसाने टोचले. मागच्या चाकाच्या वरच्या अंगाला पेचकस आरपार गेला. त्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटले, पण हे आज त्याला कळले ते बरे. उद्या गिऱ्हाइकाच्या पेचकसाने कळले असते तर दोघांच्यात भांडण झाले असते, आणि गिऱ्हाइकालाही न कळता घाटात कळले असते तर काय झाले असते हे सांगायला नको.

आणखी काही गोष्टी मी भराभर सांगितल्या. टाकी, बॅटऱ्या, प्लाय, सगळे उजव्या अंगाला बसवले आहे. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, हा भार एका बाजूने सतत राहिला की कमान पाटे बसतात आणि ब्रेक ओढतो. ॲसिडची बॅटरी माणसे झोपतात त्याच दिवाणाखाली आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट पाहिजे. दारे बंद करून आत शेगडी पेटवायची नाही, घरगुती सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही. जुन्या ऑक्सिजनच्या नळ्या त्याने तशाच ठेवून त्यांच्या शेजारी वेल्डिंग केले होते. काही झाले नाही हे त्याच्या आईवडिलांचे पुण्य. असे काम करताना त्या नळ्या आधी काढायच्या असतात, आणि सिलिंडर ज्याचा त्याला परत द्यायचा असतो.

मग आम्ही कागद काढले. खरी गोम तिथेच होती.

आरसी बुकावर मालक म्हणून अजून ट्रस्टचेच नाव. वर्ग रुग्णवाहिका. फिटनेस २०२२ मध्येच संपलेले. विम्याची पावती त्याने दरवर्षी भरलेली, पण तीही ट्रस्टच्या नावाने. आणि खरेदीचा पुरावा म्हणून काय, तर नोटरीचा शिक्का मारलेला एक स्टॅम्प पेपर. "साहेब, पक्की लिखापढी केली हाय, दोन साक्षीदार हायेत," असे तो छाती फुगवून म्हणाला. मी त्याला म्हटले, भाऊ, ह्या कागदाने तू पैसे दिले एवढेच सिद्ध होते. गाडी तुझी झाली असे आरटीओ म्हणत नाही आणि कोर्टही म्हणत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५० आपण सर्वांनी एकदा समजून घ्यावे. गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विकली असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, त्यासाठी २९ नंबरचा फॉर्म. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची असते, त्यासाठी ३० नंबरचा फॉर्म. दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या आरटीओत गाडी न्यायची असेल तर २८ नंबरचा, म्हणजे ना हरकत दाखल्याचा फॉर्म. विमाही नव्या मालकाने १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. कापूस मोजून झाला की चुकारा घेतल्याशिवाय आपण गाडी हलवतो का? मग इथेच आपण एवढे उदार का होतो?

आता आमच्या घरची गोष्ट. १९९८ साली माझ्या वडिलांनी त्यांची ट्रॅक्स एका ओळखीच्या माणसाला विकली. स्टॅम्पवर लिहून घेतले, सही केलेले कोरे फॉर्म त्याच्या हाती दिले आणि पैसे मोजून घरी आले. त्या माणसाने नावावर केली नाही. त्याने पुढे तिसऱ्याला दिली. २००१ मध्ये त्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवले. तो गेला. विमा संपलेला होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती आमच्या घरी, कारण नाव वडिलांचे. वडील म्हणायचे, मी गाडी तीन वर्षांपूर्वी विकली, मी त्या गावी गेलोही नाही. स्टॅम्प पेपर दाखवायचे. सात वर्षे तारखा चालल्या. ज्याला विकली तो साक्षीला आला नाही, ज्याच्या हातात होती तो गाव सोडून गेला. शेवटी भरपाई वडिलांवरच बसली आणि नाल्याकाठची दोन एकर काळी जमीन द्यावी लागली. मी तेव्हा कृषी पदविकेला होतो. माझी फी आत्याने भरली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. त्या सायकलवाल्याच्या बायकोला पैसे मिळाले हे बरोबरच झाले. तिचा नवरा गेला होता, तिने कोणाकोणाला शोधत फिरायचे? कायद्याने तिला एक पक्के नाव दिले पाहिजे, आणि ते आरसीवरचे नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. त्यातली गाडीही हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती, आणि न्यायालयाने जबाबदार धरले ते ज्याच्या नावावर नोंद होती त्याला. माझ्या वडिलांना हे नंतर पुष्कळदा समजावले. ते ऐकून घेतात आणि नाल्याकडे पाहतात.

या तरुणाच्या बाबतीत गुंता दुहेरी आहे. उद्या त्याने गाडी अकोल्याच्या कोणाला नोटरीवर विकली आणि काही घडले, तर नोटीस जाईल त्या ट्रस्टला. ट्रस्टचे म्हातारे सचिव कोर्टाच्या पायऱ्या चढतील, ज्यांनी फक्त एक जुनी गाडी विकली होती. म्हणून तो मला "तुमी चार ओळी लिहून द्या" म्हणाला तेव्हा मी एकही ओळ लिहिली नाही.

शिवाय गाडीच्या आतल्या बदलाचा प्रश्न आहेच. कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गाडीत मनाने मोठे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. राहण्याच्या गाड्यांसाठी आपल्या देशात वेगळे मानक आहे, एआयएस १२४. रुग्णवाहिकेसाठीही वेगळे आहे, एआयएस १२५. एकातून दुसऱ्यात जायचे तर आधी परवानगी, मंजूर नमुना, तपासणी, कराचा नवा हिशेब. गावच्या सुताराने केलेला दिवाण यात कुठेच बसत नाही. आणि मालकी ट्रस्टची असताना अर्ज तरी कोण करणार? सायरन, वरचा दिवा आणि उलट्या अक्षरांतले नाव तर विकायच्या दिवशीच काढले पाहिजे. लाल क्रॉसचे चिन्हही कोणालाही वापरता येत नाही, त्याला १९६० चा जिनिव्हा करार कायदा आड येतो. पुष्कळ दवाखानेसुद्धा हे विसरतात.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, मग सरकारी गाडी लिलावात घेतलेली बरी. तिथेही जपून. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की केंद्र, राज्य, नगरपालिका, पंचायत संस्था, महामंडळे यांच्या मालकीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षे पूर्ण झाली की संपते आणि ती गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यायची. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची पंधरा वर्षांची गाडी कोणी तुम्हाला रस्त्यावर चालवायला म्हणून स्वस्तात देत असेल, तर ती घेऊ नका. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या वेळच्या गाड्यांचे वय तुम्हीच मोजा. देणगीतून आलेल्या गाडीच्या बाबतीत मूळ मालक कोण, संस्थेचा विकण्याचा ठराव आहे का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आता सरकारकडेही दोन शब्द. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कागदावर ते चांगले आहे. पण ते मोठ्या कंपनीकडून तयार गाडी घेणाऱ्यासाठी आणि पार्क उभारणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या हाताने स्वतःच्या कुटुंबासाठी गाडी बनवणाऱ्याला त्यात जागा नाही. इंग्लंडात निवृत्त रुग्णवाहिका सर्रास लिलावात विकल्या जातात आणि माणसे त्यांची फिरती घरे करतात. तिथल्या परवाना खात्याने यादीच काढून ठेवली आहे, की झोपायची जागा एवढी लांब हवी, एका बाजूला निदान दोन खिडक्या हव्यात, स्वयंपाकाची सोय पक्की बसवलेली हवी. फोटो आणि कागद पाठवायचे, ते तपासून ठरवतात. आपल्याकडे अशी सोपी यादी आणि तालुक्याच्या ठिकाणी तपासणी का असू नये? नियम कडक असावेत, माझा त्याला विरोध नाही. ज्या घरातली जमीन गेली त्या घरातला मी माणूस आहे. पण सरळ दार उघडलेच नाही तर लोक मागच्या दाराने जातात, आणि मागच्या दारी नोटरी बसलेला असतो. आरटीओचे दौरा शिबिर तालुक्याला होते तेव्हा लायसन्सच्या रांगेशेजारी एक टेबल फक्त मालकी बदलण्यासाठी ठेवावे. एवढे जरी झाले तरी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली हजारो घरे सुखाने झोपतील. मोटारसायकली तर विचारूच नका. माझ्याच गावात तीन-तीन हात फिरलेल्या आणि पहिल्याच्याच नावावर असलेल्या कितीतरी मी बोटावर मोजून दाखवीन.

हे सगळे बोलून झाल्यावर तो गप्प बसला. मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याने आधी सांगितली नव्हती.

दोन पावसाळ्यांमागची. तो धारणीकडे निघाला होता, बायकोमुले बरोबर. सेमाडोहच्या पुढे, हरिसालच्या अलीकडे, दिवस मावळता मावळता रस्त्यावर पाच-सहा कोरकू माणसे आडवी आली. त्याने गाडीला पांढरा रंग दिला होता, पण पुढच्या बाजूला जुन्या उलट्या अक्षरांची सावली रंगाखालून अजून दिसत होती. त्या लोकांना वाटले दवाखान्याची गाडी आली. बाजेवर एक माणूस होता, सोयाबीन निंदताना साप चावलेला. पापण्या मिटायला लागल्या होत्या. याने सांगून पाहिले की ही ती गाडी नाही. त्यांना ते समजलेच नाही, आणि समजावत बसायला वेळही नव्हता. दिवाणावरची गादी त्याच्या बायकोने सरळ केली, पोरे पुढे घेतली, आणि धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवले. लस मिळाली. माणूस वाचला. "साहेब, त्या रात्री मी गादी धुतली अन् बायको म्हणे, आता यात झोपाचं मन होत नाही. आपण कोनाची तरी गाडी घेऊन बसलो."

मी यावर काय बोलणार? तो धावला हे उत्तमच केले. पण फिटनेस नसलेली, खालून फरशी सडलेली गाडी घाटात पेशंट घेऊन उतरत होती, हे आठवून आज माझ्या अंगावर काटा येतो.

माझे मत मी त्याला सांगितले आणि इथेही सांगतो. ही गाडी राहण्याची गाडी म्हणून विकण्याचा नाद सोडावा. आतले सगळे सोडवून वेगळे विकावे. सोलरच्या प्लेटा, इन्व्हर्टर, बॅटरी, पंखा, यांना शेतकऱ्यांतच गिऱ्हाईक आहे, जागलीच्या खोपडीवर कोणालाही चालतील. फरशीचा पत्रा बदलून, स्ट्रेचरची मूळ बैठक बसवून गाडी आरसीवर लिहिल्याप्रमाणे करावी. मग फिटनेस काढावे. मग ट्रस्टकडून रीतसर आपल्या नावावर करून घ्यावी, थेट तिसऱ्याच्या नावावर उडी मारू नये. त्यानंतर ज्याला रुग्णवाहिकाच पाहिजे अशा संस्थेला विकावी, आणि मालकी बदलल्याची नोंद झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. यात वेळ जाईल, पंचवीस-तीस हजार जातील, आणि हातात येतील ते साडेचार लाख नक्कीच नाही. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो असे मेकॅनिकने सांगितले, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. तेही नोटरीपेक्षा बरे.

त्याला पहिल्यांदा राग आला. "म्हंजे तीन साल माहे पान्यात?" म्हणाला. तीन साल पाण्यात कसे जातील? त्याच्या पोरांनी लडाख पाहिले, त्याचा भाव कोणी देणार नाही आणि तो कोणाला मागूही नये. चार दिवसांनी त्याचा फोन आला की ट्रस्टचे सचिव सही करायला तयार आहेत. त्यांनाही आपले नाव अजून त्या गाडीवर आहे हे ठाऊक नव्हते.

सोलरच्या प्लेटा त्याच्या मेव्हण्याने अचलपूरला नेल्या. गाडी सध्या वाडीवर कडुलिंबाखाली आहे, मागची फरशी कापून नवीन पत्रा बसवणे चालू आहे. गेल्या रविवारी मेळघाटच्या पायथ्याला काम करणाऱ्या एका संस्थेचे दोन जण येऊन पाहून गेले. १ लाख ७० हजार म्हणतात, तेही फिटनेस हातात आल्यावर. जाताना त्यांनी आरसीचा फोटो काढून नेला.